घरातून बाहेर जाणारं चित्र

मी, अयोध्या महारुद्र बिराजदार, वय वर्षे अडुसष्ट, धंदा टीव्ही दुरुस्ती व शेती, राहणार जळकोट, तालुका तुळजापूर, जिल्हा धाराशिव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं, निळ्या शाईनं, रेघी कागदावर लिहून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. आज सकाळीच एका रिमोटला सोल्डरिंगचा डाग दिला, हात थरथरला नाही. तरी तुळजापूरच्या डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. माझ्या हातावर माझा भरवसा आहे, मागं राहणाऱ्यांच्या जिभेवर नाही. मला कुणी दम दिलेला नाही किंवा गोड बोलून वळवलेलं नाही.

हे मी माझ्या घरात बसून लिहीत नाही. गावातल्या निवृत्त अंगणवाडी सेविका शांताक्का यांच्या ओसरीवर बसून लिहीत आहे. वकीलसाहेब म्हणाले, "आजी, सही करताना मोबाईलवर चित्रण करून ठेवू, पुढं कोर्टात उपयोगी पडतं." मी नको म्हणाले. त्यांचा, साक्षीदारांचा आणि माझा, असे सगळे मोबाईल शांताक्कांच्या पिठाच्या स्टीलच्या डब्यात घालून झाकण लावलं आणि शेजारच्या घरातून प्रत्येकावर फोन लावून बघितला. एकही लागला नाही. मगच लिहायला घेतलं. वकीलसाहेब हसले. त्यांना हसू द्या.

१. दोन वर्षांपूर्वी टाईप करून घेतलेलं माझं पहिलं मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करते. त्यात सगळं मुलाला दिलं होतं, घरावर तेवढं सुनेचंही नाव होतं. तेव्हा मला जे माहीत नव्हतं ते आता माहीत आहे.

२. माझी मिळकत तीन जागी आहे. हायवेला लागून, बस थांब्याजवळचं दुकान. गावातलं दोन खोल्यांचं घर. आणि ओढ्याकाठचं दोन एकर शेत. दुकान माझे पती कै. महारुद्र यांनी घेतलं. ते सोलापुरात टीव्हीचं काम शिकून आले होते आणि या पट्ट्यातला पहिला अँटेना त्यांनी उभा केला. एक्क्याण्णव साली एका पत्र्याच्या घरावर अँटेनाचा लोखंडी पाईप उभा करताना तो वरच्या विजेच्या तारेला लागला. ते गेले. त्या वेळी मी चौतीस वर्षांची होते आणि मुलगा दिग्विजय पाच वर्षांचा.

दुकानात तेव्हा लोकांचे अकरा टीव्ही पडून होते. माझे दीर रामहरी यांनी चौकात सांगितलं, "बाईच्या हातात कोण टीव्ही दील? दुकान मला द्या वैनी, आमी बघतो." मी नवऱ्याच्या शेजारी बसून सात वर्षं डाग दिले होते, कॉईल गुंडाळल्या होत्या, हे रामहरींनी कधी बघितलंच नव्हतं. तीन महिने एकही गिऱ्हाईक आलं नाही. चौथ्या महिन्यात नीलम्मा बिराप्पा सलगर ही धनगराची बाई डोक्यावर टीव्ही घेऊन वस्तीवरून चालत आली. म्हणाली, "आक्का, आवाज येतोय, माणसं न्हाईत." एक डाग सुटला होता. मी दिला. माणसं आली. नीलम्मानं तो टीव्ही डोक्यावर घेतला आणि घरी न जाता आधी सगळ्या गल्लीतून मिरवला. त्यानंतर माझं दुकान चाललं.

३. पुढचं कलम लिहिण्याआधी माझ्या धंद्याची एक गोष्ट सांगणं भाग आहे, नाहीतर कोर्ट मला खुळी ठरवील.

अँटेनाच्या काळात चित्र टॉवरवरून यायचं आणि ज्याच्या छपरावर पाईप असेल त्यानं ते घ्यायचं. वारा सुटला की पडद्यावर मुंग्या. कोण बघतंय, काय बघतंय, हे टॉवरला कळायचं नाही. पुढं मी स्वतः केबल टाकली, गच्ची-गच्चीवरून वायर ओढली. तेव्हाही चित्र माझ्या खोलीतून लोकांच्या घरात जायचं; त्यांच्या घरातून माझ्याकडं काही यायचं नाही. मग सेट-टॉप बॉक्सचा डबा आला. प्रत्येक डब्याला नंबर, प्रत्येक नंबराला घर. तेव्हा मला पहिली शंका आली. दूध घालणाऱ्यानं घर ओळखावं इतपत ठीक आहे, म्हणून मी गप्प बसले. चार-पाच वर्षांमागं सरकारी टॉवरचं जुनं प्रसारणही थांबलं. माझ्या पतींचा जुना ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही मी त्या दिवशी लावून बसले होते. नुसत्या मुंग्या. दिवसभर त्याच.

दोन हजार तेवीसच्या दसऱ्याला दिग्विजयनं पुण्याहून मोठा टीव्ही पाठवला. इंटरनेटवर चालणारा, बोललेलं ऐकणारा, वर बोटाएवढा कॅमेरा. "आई, आपण रोज समोरासमोर बोलू," म्हणाला. पंधरा दिवस बोललो. मग त्याचा फोन कमी झाला. टीव्ही मात्र माझ्याशी बोलत राहिला. मध्येच थांबून पडद्यावर विचारायचा, अजून बघताय का? मी कधी उत्तर दिलं नाही. ज्यानं विचारलं त्याचं नाव-गाव मला माहीत नव्हतं.

४. आता जे घडलं ते.

गेल्या वर्षी भाद्रपदात मी नीलम्माला घरात बसून सांगितलं, की न्हाणीत चक्कर येऊन पडले. दुसऱ्या दिवशी दिग्विजयचा फोन. "आई, चक्कर येते का तुला?" मी त्याला सांगितलेलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात नीलम्माला म्हणाले, गुडघे गेले, दुकान विकून टाकावं असं वाटतं. दोन दिवसांत रामहरी एका गिऱ्हाइकाला घेऊन दारात. हायवे रुंद झाल्यापासून त्यांचा त्या जागेवर डोळा आहेच.

दोन्ही गोष्टी मी फक्त नीलम्माशी बोलले होते. मी तिला गाठलं.

"तूच सांगितलंस."

"म्या? आक्का, म्या शेळ्यांना बी न्हाय सांगितलं."

"मग कुणी? भिंतीनं?"

ती उठली, चपला घातल्या आणि गेली. चार महिने आली नाही. संक्रांतीला तिनं दुसऱ्याच्या हाती तीळगूळ पाठवला. मी तो परत पाठवला. हे लिहिताना मला लाज वाटते, पण मृत्युपत्रात खोटं लिहून उपयोग नाही.

उभ्या आयुष्यात मी यंत्रं तपासली. हे यंत्र तपासायला मला चार महिने लागले, कारण बाईवर संशय घेणं सोपं होतं. एका दुपारी टीव्ही बंद असताना कॅमेऱ्याशेजारी पांढरा ठिपका पेटलेला दिसला. थोड्या वेळानं विझला. मी वहीत वेळ मांडून ठेवली. आठ दिवसांत सतरा वेळा.

नवव्या दिवशी दार लावून घेतलं. घरात मी आणि मांजर. ठिपका पेटल्यावर, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा दाराआडच्या कोपऱ्यातून मोठ्यानं म्हणाले, "या रामहरी भाऊजी, बसा. उद्या तुळजापूरला जाऊन दुकानाचा कागद करून टाकू. दिग्विजयला एवढ्यात नको सांगायला."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला रामहरी दारात, पटका हातात, तोंड लाल. "वैनी, कुणाला कागद करून द्यायलाव? दिग्याचा फोन आलता. मलाच शिव्या घातल्या की! म्हणला, काका, तुमी आईला फशी पाडायलाव. मागं त्यानंच मला सांगितलं, आई दुकान इकती म्हणती, गिऱ्हाईक बघा. आन् आता मलाच चोर ठरवतोय! मी तर काल दिवसभर जळकोटात नव्हतो, नळदुर्गला होतो."

मी म्हणाले, "चहा घेता का?" चौतीस वर्षांत मी पहिल्यांदा त्यांना खरं बोलताना ऐकलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तो टीव्ही पालथा घातला, मागचं कव्हर उघडलं आणि कॅमेरा व ऐकायचा मायक्रोफोन दोन्ही काढले. बाकी टीव्ही चालू आहे. बातम्या दिसतात.

रविवारी दिग्विजय आला. पिशवीही खाली ठेवली नाही.

"आई, कॅमेरा बंद पडलाय."

"बंद पडला न्हाई. काढलाय."

तो खुर्चीत बसला. मग म्हणाला, "तू पडलीस तर मला कळणार कसं?"

"तुझे आप्पा पडले तेव्हा पन्नास माणसं बघत होती."

"मी चोरून नाही बघितलं. काळजीनं बघितलं."

"मग विचारलं का न्हाईस? आई, बघू का, म्हणून?"

त्यानं पिशवी खाली ठेवली. जेवून गेला. तो खोटं बोलला असं मी म्हणत नाही. पण काळजी करणाऱ्यानं दुकानाला गिऱ्हाईक का शोधावं, हे मला अजून कळलेलं नाही, आणि तेही मी इथं लिहून ठेवते.

५. त्याच संध्याकाळी मी नीलम्माच्या वस्तीवर गेले. ती शेळ्यांचं दूध काढत होती. मान वर न करता म्हणाली, "वाट चुकली जणू."

"मी चुकले, नीलम्मा. टीव्हीतनं जात होतं सगळं."

तिनं दूध गाळलं, पेला माझ्यापुढं ठेवला. मग म्हणाली, "टीव्हीचं सापडलं म्हणून आलीस. सापडलं नसतं तर आक्का?"

मी दूध प्यायले. तिनं पुन्हा विचारलं नाही आणि दुसऱ्या दिवशीपासून येऊ लागली.

म्हणून, हायवेलगतचं दुकान, जागेसकट, पत्र्यासकट, मी नीलम्मा बिराप्पा सलगर हिला देते. तिनं तिथं शेळ्या बांधल्या तरी माझी हरकत नाही. विकलं तरी नाही. फक्त रामहरी किंवा त्यांच्या वतीनं येणाऱ्या कुणाला विकू नये. नीलम्माला हे माहीत नाही. तिला फायदा होतो म्हणून तिला साक्षीला घेतलेलं नाही. उद्या कुणी म्हणू नये की धनगरणीनं म्हातारीला भुलवलं. भुलवायचं असतं तर मी परत पाठवलेला तीळगूळ तिनं मुकाट ठेवून घेतला नसता, पुन्हा दारात आली असती.

६. डाग द्यायचं सोल्डरिंग आयर्न, मीटर, पान्हे, जुन्या सर्किटच्या वह्या आणि यांचा ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही तामलवाडीच्या कृष्णराज मेकॅनिकला द्यावा. त्यानं माझं एक मीटर अठ्ठ्याण्णव सालापासून परत केलेलं नाही. तेही त्यानं ठेवून घ्यावं. त्याला बजावते की त्या जुन्या टीव्हीच्या ट्यूबला बंद असतानाही हात लावू नये, करंट साठून राहतो.

७. रामहरी यांना काही नाही. त्यांनी माझ्या मृत्यूनंतर कपाटाला हात लावू नये. त्या सकाळी ते खरं बोलले, त्याबद्दल त्यांना माझ्या तेराव्याला पंक्तीत बसवावं.

८. ओढ्याकाठचं शेत दिग्विजयला.

९. राहतं घर, त्यातल्या भांड्याकुंड्यांसह, दिग्विजयला, त्याच्या एकट्याच्या नावे. मागच्या मृत्युपत्रात सून हर्षाली हिचंही नाव होतं. ते या वेळी घातलेलं नाही. हर्षालीशी माझं भांडण नाही. कारण वेगळं आहे आणि ते मी आजवर कुणालाही, नीलम्मालाही, सांगितलेलं नाही.

रामहरी चहा पिऊन गेले त्याच दिवशीच्या संध्याकाळची ही गोष्ट आहे. कॅमेरा अजून जागेवर होता. तो कुठवर बघतो हे मी मोजून काढलं होतं, म्हणून दाराआडच्या कोपऱ्यात पाटावर बसले होते. ठिपका पेटला. त्या दिवशी दिग्विजयचं बोट चुकीच्या ठिकाणी पडलं असावं, कारण माझा पडदाही आपोआप उजळला आणि त्याच्यात तो दिसला. त्याला ते ठाऊक नव्हतं.

तो कॉटवर बसला होता. मांडीवर ताट, ताटात बाहेरून आणलेलं काहीतरी. मागच्या भिंतीवर लग्नाचा फोटो असायचा, तिथं नुसता खिळा. दाराला हर्षालीची ओढणी नव्हती, बांगड्यांचा स्टँड नव्हता. ती घर सोडून गेली असावी, आणि बरेच दिवस झाले असावेत. त्यानं मला सांगितलेलं नव्हतं. तो माझ्या रिकाम्या खुर्चीकडं बघत होता. एक घास घ्यायचा, बघायचा. वीस-पंचवीस मिनिटं. शेवटी हळूच म्हणाला, "आई, कुठं गेलीस?"

मी त्या खुर्चीपासून चार हातांच्या अंतरावर होते. बोलले नाही. सापळा आपला आहे, हलायचं नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मग पडदा काळा झाला.

त्यानं मला न विचारता बघितलं, तसं मीही त्याला न विचारता बघितलं. पुढं रविवारी तो समोर बसला तेव्हाही मी हर्षालीचं विचारलं नाही. विचारलं असतं तर मला कसं कळलं हे सांगावं लागलं असतं. दिग्विजय, हे तू वाचशील तेव्हा मी नसेन. त्या संध्याकाळी मी उठून खुर्चीवर येऊन बसायला पाहिजे होतं.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. खाडाखोड एका ठिकाणी आहे, कलम नऊमध्ये. तिथं आधी "दोघांच्या नावे" असं लिहून गेले होते.

ठिकाण: जळकोट
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

लिहून देणार:
अयोध्या महारुद्र बिराजदार (सही)

साक्षीदार:
१. शांताक्का गुरुनाथ माळगे, निवृत्त अंगणवाडी सेविका, रा. जळकोट (सही)
२. युवराज दत्तोबा कदम, औषध दुकानदार, रा. जळकोट (सही)