नूरचे अतुल सर आणि मी

६ जानेवारी, मंगळवार
मस्कतला गोदामात कामाला आल्यापासून आज पहिल्यांदा बायकोचा फोन वेळेवर आला नाही. लोणावळ्यात ट्रस्टच्या दवाखान्यात मंगळवारी समुपदेशक बसतात, नूर तिकडे गेली होती. एकदा लोकलमध्ये तिचा श्वास कोंडला, छाती धडधडली. तेव्हापासून गाडीत पाय ठेवत नाही. माहेर बेगडेवाडीला, कुणाच्या तरी स्कूटरवर मागे बसून जाते.
दवाखान्यात काय केलं, विचारलं. म्हणाली, बोललो. पाऊण तास! माझ्याशी दहा मिनिटांत म्हणते, ठेवते, कुकर लावायचाय.
समुपदेशकाचं नाव अतुल. गोळी नाही, इंजेक्शन नाही, नुसतं ऐकतात म्हणे. ऐकायला शिक्षण कशाला लागतं?
मी जळत नाहीये. चौकशी केली फक्त.

९ जानेवारी
ठरलं. नूरचा इलाज मीच करणार. आठवी नापास असलो तरी फोर्कलिफ्टचं लायसन्स पहिल्या फटक्यात काढलंय. यूट्यूबवर सगळं असतं.
आज सीबीटी शिकलो, विचार तपासून मन सुधारायचा इलाज. मनातला विचार लिहायचा, त्याच्या बाजूचे आणि विरुद्धचे पुरावे तपासायचे. आधी स्वतःवर करून बघितलं. विचार: नूरला अतुल सर आवडतात. बाजूने: प्रत्येक वाक्यात सर. विरुद्ध: सरच म्हणते, अतुल नाही. सामना बरोबरीत. याने मन हलकं होतं म्हणे. माझं जड झालं.
रूममेट याह्या म्हणाला, बायकोचा डॉक्टर नंतर हो, आधी मोजे धू.

१३ जानेवारी, मंगळवार
सरांनी तिला भीतीची शिडी काढून दिली. आधी नुसतं स्टेशनच्या बाकावर बसायचं. ते जमलं की उभ्या गाडीत चढून उतरायचं. मग एक स्टेशन, मळवलीपर्यंत. भीती ओसरेपर्यंत प्रत्येक पायरीवर थांबायचं. नूर आज माझ्या अम्मीबरोबर बाकावर बसली, चहा प्यायली. सांगताना हसत होती. माझ्या जोकवर कधी अशी हसली नाही.
मी विचारलं, सरांचं लग्न झालंय का? म्हणाली, मी बाकावर बसले हे सांगतेय आणि तुम्ही हे विचारताय?
फोन कट. नेटवर्क खराब.

१६ जानेवारी
शिडी म्हणजे वेळकाढूपणा. नूरला सांगितलं, उद्या थेट लोकलमध्ये बस, बेगडेवाडीलाच उतर, मी फोनवर आहे. नको म्हणाली. म्हटलं, सरांचं ऐकतेस, नवऱ्याचं नाही? मग म्हणाली, बसते.
नवऱ्यावर विश्वास आहे तिचा.

१७ जानेवारी
बसली. गाडी सुटली. मी मार्गदर्शन चालू ठेवलं, श्वास घे, सोड, घे, सोड. आवाज जरा चढला असेल. शेजारच्या कुणी मावशीने फोन हिसकावला. म्हणाली, ए बाबा, कोण हायस तू? पोरगी थरथरतीया अन् तू हुकूम सोडतोयस व्हय? ठेव फोन!
तिनेच नूरला मळवलीला उतरवलं. आमच्या घराशेजारचा गणेश रिक्षा घेऊन आणायला गेला.
पद्धत बरोबर होती. मावशीमुळे बिघडलं.

२० जानेवारी, मंगळवार
नूर बोलत नाही. अम्मी बोलते, ते जास्त वाईट. म्हणाली, बाकावर बसून च्या पीत हुती रं ती. आता ठेसनाचं नाव काढलं तरी हात गार पडत्यात. त्या सरानं तुझं काय घोडं मारलंय?
परत सीबीटी केली. विचार: नूरला आता माझी गरज नाही. विरुद्ध पुरावा सुचेना. याह्याला विचारलं. तो म्हणाला, झोप.

२७ जानेवारी, मंगळवार
नूर पुन्हा बाकापासून सुरू करतेय. तिला विचारून अतुल सरांनी मला व्हिडिओ कॉलसाठी शुक्रवारची वेळ दिलीय. बरं झालं. जाब विचारणार. शर्टला इस्त्री केली.

३० जानेवारी
मी सुरुवात केली, तुम्ही माझ्या बायकोला... तर सर म्हणाले, इर्शादभाऊ, ती गाडीत घाबरली तेव्हा इतक्या लांबून तुम्हाला कसं वाटलं?
असं मला कुणी विचारत नाही. सुपरवायझर विचारतो, कुठे आहेस. अम्मी विचारते, जेवलास का. मी बोलत सुटलो. ती माझ्याशिवाय बरी झाली तर माझं काय काम उरलं, हेही बोलून गेलो. डोळ्यात धूळ गेली. गोदामात असतेच.
लय मोठा माणूस! इतके दिवस नूरने एकटीनेच वापरला. दर शुक्रवारी वेळ द्या म्हणून मेसेज टाकला. देतील. केस म्हणून मी तिच्यापेक्षा भारी आहे.

६ फेब्रुवारी
शिडीची एकेक पायरी चढत नूर आज लोकलने बेगडेवाडीला पोचली. एकटी. माहेरच्या दारातला फोटो पाठवला. छान.
सरांचं उत्तर आलं. नवरा-बायकोला एकाच समुपदेशकाने वेगवेगळं बघणं बरोबर नाही. नूर आधीची, म्हणून मला चैताली मॅडमचा नंबर दिलाय. मी कळवलं, नूर आता बरी आहे, तिला मॅडमकडे पाठवा, मी तुमच्याकडे येतो. नाही म्हणाले. तेही किती प्रेमाने!
नूरने विचारलं, मॅडमना फोन केलात का? लिहिलं, कामात आहे. मग राहवेना. विचारलं, सर तुझ्याशी बोलताना जास्त हसतात का?
मेसेज वाचल्याच्या दोन निळ्या खुणा आल्या. नेटवर्क खराब असेल.