गारमाळाच्या चराला दिलेली गुटी

नीला पोरी,

तू गेलीस हे मला काल कळलं, म्हणून आज लिहायला बसले. माझी शाळा दुसरीपर्यंतची. अक्षर म्हणजे कोंबडीनं उकिरडा उकरावा तसं. तू बघून हसायचीस. हस आता.

काल एक तरुण साहेब गारमाळावरून उतरून आला. पाठीला पिशवी, हातात तुझ्यासारखाच दगड फोडायचा हातोडा. ओट्यावर टेकला आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावायच्या आधी म्हणाला, "आजी, वरचा जुना चर खणला तेव्हा त्यात तुम्ही काही वाहिलं होतं का? नाणं, दागिना, काहीही?"

मी म्हटलं, "तुला कुनी सांगितलं रं हे?"

"नीला मॅडमनी. नव्या गावात गेलं की दगडाआधी आजीला विचारायचं, असं शिकवलंय त्यांनी आम्हाला."

माझी छाती फुगली बघ. मी तुझी खुशाली विचारली, तेव्हा तो खाली बघायला लागला. म्हणाला, मॅडम गेल्या पावसाळ्यात आजारानं गेल्या. चहा उतू गेला, मला भान न्हाई.

जायची पाळी माझी होती गं. तू मधेच कशाला घुसलीस?

पहिल्यांदा आलीस तो दिवस आठवतो. राजूरची जीप खालीच थांबली आणि तू लोखंडी पेटी घेऊन चालत वाडीत आलीस. बाईमाणूस, पायात पुरुषी बूट. आमच्या थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "नवऱ्यानं हाकलली का काय हिला?" तू ऐकलंस आणि म्हणालीस, "नाही मोठ्या आजी, ऑफिसानं पाठवलं. इतकी वर्षं टेबलावर बसवलं, आता डोंगर दिलाय." तुला पहिल्यांदाच असा डोंगर मिळाला होता. तुझ्या तोंडावर लग्नघरासारखा आनंद होता.

गारमाळावर इंग्रजाच्या काळातले खड्डे आहेत. तिथं सोनं आहे असं आमचे म्हातारे सांगायचे. तू मला डोंगर शिकवलास. म्हणालीस, "आजी, हा डोंगर म्हणजे भाकरीवर भाकरी रचलीय. आतला तापलेला रस बाहेर आला, थिजला, त्यावर पुन्हा आला. मधली तांबडी पट्टी दिसते ना? एक भाकरी निवून तिच्यावर माती धरली, तेव्हाची ती." आणि भेगेतली पांढरी गार, तो गारगोटीचा पट्टा? "खालून कढत पाणी चढलं, ते गार ठेवून गेलं. कधी कधी त्या पाण्याबरोबर सोनं येतं. बहुतेक वेळा येत नाही." जन्मभर त्या डोंगरावर मी गवत कापलं, पण तो रचलाय कसा हे कुणी सांगितलं नव्हतं. अजूनही भाकरी थापताना डोंगर आठवतो. तव्यावर मग करपते ती.

तू गारेला आडवा चर खणलास. दगडाचा चुरा पिशव्यांत भरून तपासायला धाडलास. पहिल्या पिशव्यांत सोनं निघालं. वाडी नाचायचीच तेवढी राहिली होती. तू म्हणालीस, आता मोठं भोक पाडायचं मशीन येईल. मशीन यायचं म्हणजे आधी रस्ता व्हायचा. पावसाळ्यात आमचं आजारी माणूस झोळीतून खाली न्यावं लागतं, तुला मी काय सांगू?

तू मात्र आकड्यांचा कागद पुन्हा पुन्हा बघायला लागलीस. चराच्या तोंडाशी सोनं आणि दोन हात पुढं, त्याच गारेत, काहीच न्हाई. तुला ते पटेना.

मग ती सकाळ. तू चुलीजवळ भाकरी खात होतीस आणि जाऊबाई माझ्या नातीसाठी गुटी करत होत्या. हळकुंड झालं, वेखंड झालं, मग बोटातली अंगठी काढून सहाणेवर उगाळायला लागल्या.

तू विचारलंस, "मोठ्या आजी, हे काय?"

"सोनं उगाळतीय. लेकराला बळ येतंय."

"वाडीतल्या सगळ्या बाळांना देता?"

"समद्यास्नी. तुझ्या चरालाबी दिली की. तू बाजाराला गेल्ती तवा, पिशव्या भरायच्या आदल्या दिशी. धरतीनं नवं तोंड उघडलं, ते बी लेकरूच. एवढं मोठं तोंड, मनून जरा जास्तीच उगाळलं."

तू हसलीस. मग हातातली भाकरी ताटात ठेवलीस.

माझा लेक दत्तू दारातच होता. म्हणाला, "म्याडम, गुटीचं कुठं बोलू नका. मशीन येऊ द्या."

"आणि मशीनला खाली काही सापडलं नाही तर?"

"न्हाई सापडलं तर रस्ता काय गुंडाळून माघारी नेत्यात व्हय?"

तू ताट बाजूला सारून उठलीस. तरी दुसऱ्या दिवशी तू चर खोल केलास, नवा दगड फोडलास आणि धाडलास. सोनं न्हाई, असं कळलं. देवळापुढं उभं राहून तूच सगळ्यांना सांगितलंस. सरपंच म्हणाला, "बाईला डोंगर दिला की असंच व्हायचं." तू ऐकून घेतलंस, पण जाऊबाईंचं नाव काढलं न्हाईस.

ऑफिसात तर तू म्हणालीस म्हणे, "चूक माझी. गावाला विचारल्याशिवाय मी नमुना उचलला." हे मला काल त्या पोरानं सांगितलं. तुला पुन्हा डोंगर मिळायला लई वर्षं लागली, हेपण त्यानंच सांगितलं. आमच्या गुटीच्या एका शब्दानं तुझं भलं झालं असतं गं. बोलली का न्हाईस तो शब्द? आणि परत येते म्हणून गेलीस, ती आली का न्हाईस?

काल तो पोरगा विचारत होता तेव्हा दत्तू त्याच्या मागं उभा राहून मला डोळ्यांनी खुणावत होता. रस्ता अजून झालेला न्हाई. जाऊबाईंना शेवटी झोळीतूनच नेलं, वाटेतच संपल्या. मी गप्प बसले असते तर पहिल्या पिशव्यांतलं सोनं खरं धरून मशीन आलं असतं, कुणाला कळणार होतं? माझ्या जिभेवर आलं होतं, काही वाहिलं न्हाई बाबा.

मग तू देवळापुढं उभी राहिलेली दिसलीस. मी सगळं सांगितलं, अंगठीसकट.

तो गेल्यावर दत्तू म्हणाला, "झालं का समाधान? आता ह्यो बी जाईल."

म्हटलं, "जाऊ दे. सोन्याच्या नावानं रस्ता मागायचाच कशाला? रस्ता म्हणून मागू की."

दत्तू म्हणाला, "तू मागशील?"

तर पोरी, तुला शब्द देते. पुढच्या ग्रामसभेला मी जाणार. आजवर आमच्यातली एकही बाई तिथं बोललेली न्हाई. मी देवळापुढं तुझ्याच जागेवर उभी राहीन आणि सांगीन, गारमाळात सोनं न्हाई, माणसं आहेत, रस्ता करा. बसा म्हटलं तरी बसायची न्हाई.

तुझी
पार्वताआजी