उशीवरचा ऊद

१२ फेब्रुवारी

चि. भावजी यांस वहिनीचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

गाडीत बसणारा माणूस मास्तराचं तोंड नंतर बघतो, आधी त्याचा वास घेतो, असं तुमच्या दादांनी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मला सांगितलं होतं. तेव्हा मी हसले होते. क्लच आणि गिअर शिकवणाऱ्या माणसाला असलं काही सुचतं याचं नवल वाटलं होतं. काल ते वाक्य दिवसभर डोक्यात राहिलं, त्याचं कारण पुढे लिहिते. फोनवर तुम्ही नुसतं हं हं करता आणि मग तुमचा आवाज बसतो, त्यापेक्षा पत्र बरं.

ह्यांच्या डोक्यात रक्तस्राव झाला त्याला आता वर्ष होत आलं. त्या दिवशी गाडी चालवणारी शिकाऊ मुलगी अजून अधूनमधून भेटायला येते. तिने इंडिकेटर देऊन गाडी कडेला लावली आणि मग रडायला लागली. हे शुद्धीत असते तर तिथल्या तिथे पास करून टाकलं असतं, असं मी तिला म्हटलं. त्यावर बिचारी पुन्हा रडली. बाकी सगळं तसंच आहे. डोळे उघडे असतात पण कशावर टेकत नाहीत. गळ्यातली श्वासाची नळी आहे, नाकातून पोटात गेलेली जेवणाची नळी आहे. छातीत कफ भरतो, मग ताप, मग इंजेक्शनं, मग पुन्हा तेच.

मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी मला त्यांच्या खोलीत बसवून एक प्रश्न विचारला. पुढच्या वेळी छाती भरली तर ह्यांना पुन्हा श्वासाच्या मशीनला लावायचं, की घरी नेऊन शांतपणे राहू द्यायचं. मी आईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, धाकटा म्हणेल तसं. त्यामुळे हा प्रश्न तुमच्याकडे पाठवणार होते. पण आता त्याची गरज नाही असं वाटतं.

कारण असं की, काल मी घरातून ह्यांची ऊदाच्या सेंटची बाटली नेली. तीच ती, काळी, पुरुषांसाठीची, लाकडासारख्या दिसणाऱ्या प्लॅस्टिकच्या टोपणाची. दिसायला भारीतली, किमतीने आपल्यातली. सिस्टरना विचारून रुमालावर थोडं फवारलं आणि रुमाल उशीवर ह्यांच्या नाकाजवळ ठेवला. थोड्या वेळाने उजवा पाय खाली दाबला गेला, टाच गादीत, बोटं पुढे. शिकवणीच्या गाडीत मास्तराच्या बाजूलाही ब्रेक असतो, तो दाबावा अगदी तसा. मी पांघरूण बाजूला करून पुन्हा बघितलं. पुन्हा दाबला. भावजी, हे आत कुठेतरी गाडीत बसलेले आहेत.

बाटली संपत आली आहे आणि आपल्या दुकानदाराने हा वास ठेवणं बंद केलं. त्याच्याकडे आता सगळे फळांचे वास, पुरुषांनी संत्र्यासारखं हिंडायचं म्हणे. तुम्हीही हेच वापरता, तेव्हा तिकडे मिळत असेल तर एक पाठवा. आईंचे गुडघे आहेत तसेच. त्या तुमच्या जेवणाचं विचारतात.

माया आहे ती कमी करू नका.
तुमची वहिनी

२७ फेब्रुवारी

ती. वहिनीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र सामानाच्या गाडीबरोबर आलं. क्रेनच्या केबिनमध्ये बसून वाचलं आणि खाली उतरल्यावर मुकादमाला वाचून दाखवलं. त्याला दादा कोण ते माहीत नाही, तरी तो टोपी काढून ऐकत होता. मशीनचा प्रश्न आता उरला नाही. लागलं तर लावायचंच, डॉक्टरांना तसं सांगून टाक. आईलाही मी सांगितलं.

दोन बाटल्या पाठवतोय. इथल्या बाजारात त्यांचा ढीग आहे, पुलाच्या कामावरचा निम्मी माणसं हाच वास अंगावर मारतात. दिवसभर सिमेंट आणि डिझेल नाकात गेल्यावर संध्याकाळी जरा माणसात आल्यासारखं वाटतं. माझ्या खोलीतला वेल्डर म्हणतो, आपण सगळे मिळून एकच लाकडी कपाट झालो आहोत.

आता तुला एक गंमत सांगतो. दादाने सांगू नको म्हटलं होतं, पण तो जागा होऊन मला मारायला येणार असेल तर आनंदच आहे. ती पहिली बाटली माझी. क्रेनच्या नोकरीच्या मुलाखतीला जाताना मी घेतली आणि तुमच्या आरशाखालच्या फळीवर विसरलो. तू माहेरी होतीस. त्या दिवशी एक शिकाऊ गाडीत ओकला. दादाने घरी येऊन अंघोळ केली, तरी त्याला वास जाईना, म्हणून त्याने माझी बाटली अंगावर मारली. तेवढ्यात तू माहेराहून आलीस आणि दारातच म्हणालीस की आज घरात शिरल्यावर फार बरं वाटलं. झालं. दुसऱ्या दिवशीपासून तो रोज मारायला लागला. संपली तशी तू नवी आणलीस.

मला त्याने कितीदा तरी सांगितलंय की हा वास त्याला मुळीच सोसत नाही. जळक्या पेन्सिलींचा डबा म्हणायचा तो त्याला. पण तुला आवडतो, आता जन्मभराचं झालं, असं म्हणून हसायचा. गाडीच्या काचा तो थंडीतही खाली का ठेवायचा, ते आता कळलं ना.

म्हणजे बघ वहिनी, पाय ब्रेकवर जाणारच. तो म्हणतोय, पुरे आता. नकार द्यायला माणूस जागा असावा लागतो. तू थांबू नकोस, रोज मार, चांगला दोन-दोनदा मार. चिडून उठू दे.

आईला नमस्कार. जीव लावला आहेस तसाच लावून ठेव.
तुझा धाकटा दीर

१४ मार्च

चि. भावजी यांस अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र वाचून आधी मी हसले. आई खिडकीपाशी बसल्या होत्या, त्यांनी विचारलं काय झालं. मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

आता माझंही ऐका. मलाही तो वास कधी आवडला नाही. कपाळ धरायचं माझं. हे अंघोळ करून बाहेर आले की मी काहीतरी निमित्त काढून खिडकी उघडायची. मला वाटायचं, माणसाची एवढी एकच हौस आहे, दिवसभर परक्या लोकांच्या शेजारी बसून धक्के खातो, तर त्याला ती असू दे. म्हणून दुकानात जाऊन आठवणीने आणायची. त्या दिवशी दारात मी म्हटलं ते वासाला नव्हतंच. माहेरी माझं जरा वाजलं होतं, रस्ताभर गप्प आले होते, आणि मी बेल वाजवायच्या आधीच ह्यांनी दार उघडलं. त्यावर म्हटलं होतं. एवढी वर्षं आम्ही दोघंही एकमेकांसाठी नाक दाबून एका घरात राहिलो, आणि सुखाने राहिलो.

राग म्हणाल तर आला. तुमचा नाही, ह्यांचा. मला न सांगता तुम्हाला सांगितलं म्हणून. त्या रागात वॉर्डात गेले, रुमाल काढून घेतला, उशीचा अभ्रा बदलायला लावला, आणि ह्यांना म्हटलं की सुटलात एकदाचे. दोन्ही बाटल्या कपाटात ठेवल्या आहेत, उघडल्या नाहीत.

तेव्हापासून मी नुसती बसून बघते आहे. पाय दाबला जातो भावजी. औषधांची ढकलगाडी दारातून आत आली की जातो. पांघरूण ओढलं की जातो. काहीच झालं नाही तरी जातो. व्यायाम करून घेणाऱ्या बाईंना मी ब्रेकचं सांगितलं. त्यांनी बराच वेळ ह्यांचा घोटा हातात धरून ठेवला आणि म्हणाल्या, आखडलेले स्नायू असे आपोआप ओढले जातात, बऱ्याच जणांचे जातात. हे सांगताना त्या पायाकडेच बघत होत्या.

मागचं पत्र मी घाईने लिहिलं असं आता वाटतं. डॉक्टरांचा प्रश्न अजून तिथेच आहे. परवा पुन्हा ताप येऊन गेला. तुम्ही एकदा शांतपणे विचार करावा म्हणून लिहिते, घाई नाही.

रात्री उघड्यावर झोपू नका. आमच्यावरचं प्रेम असू द्या.
तुमची वहिनी

२३ मार्च

ती. वहिनीस सा. न. वि. वि.

तू दमली आहेस, म्हणून असं लिहितेस. व्यायामवाल्या बाईंना दिवसाला कितीतरी पाय बघायचे असतात, त्यांना दादाचा पाय कसा कळणार. शिकाऊ रस्ता सोडून जायला लागला की दादाचं तोंड तसंच असायचं, बोलणं तसंच चालू असायचं, फक्त पाय जायचा. मला त्यानेच शिकवलं. मी त्याच्या शेजारी बसलोय, तू नाहीस बसलेली.

विचार करायचं म्हणतेस. रात्रंदिवस दुसरं काय करतो मी? बाबा गेल्यावर माझ्या शाळेच्या पालकसभेला तो यायचा. गाडीवरचा शिकवणीचा फलक तसाच ठेवून यायचा आणि पोरं मला चिडवायची. तेव्हा मी त्याला फाटकाच्या बाहेर थांबायला सांगायचो आणि तो थांबायचा. आता मीच त्याला कायमचा बाहेर थांब म्हणून सांगू? माझ्याकडून ते होणार नाही. ओझं हवेत लोंबकळत असताना केबिन सोडून उतरायचं नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम आहे. मी उतरणार नाही.

आईला फोन करून सांगितलंय की कुणी काहीही म्हटलं तरी हो म्हणू नकोस. तुला वाईट वाटेल म्हणून लपवत नाही. आणि कृपा करून रुमाल परत ठेव. वास त्याला आवडो न आवडो, आपल्या घरातला तेवढाच एक वास त्याला ओळखू येईल. सुट्टी मागू शकत नाही, पुलाचा मधला भाग चढवायचा आहे.

रागावू नकोस. जे काही आहे ते तुझ्याच भरवशावर आहे.
धाकटा

९ एप्रिल

चि. भावजी यांस अनेक आशीर्वाद, वि. वि.

रागावले नाही. आईंनी मला सगळं सांगितलं. सांगताना त्या माझ्याकडे अपराध्यासारख्या बघत होत्या, म्हणून मीच विषय बदलून त्यांच्या पायांना तेल लावत बसले. क्रेनचं मला काही कळत नाही, त्यामुळे त्यावर बोलत नाही.

तुमच्या शब्दाखातर मी रुमाल परत ठेवला. नवी बाटली उघडली, तुम्ही म्हणालात तसं चांगलं दोनदा फवारलं. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना शिंका आल्या, त्यांच्या सुनेने खिडकी उघडली. खोलीतल्या प्रत्येकाला तो वास आला, आधी औषधासारखा, मग ओल्या फळीचा, मग नुसता धूर. हे तसेच पडून होते. तेवढ्यात सिस्टर गळ्यातली नळी साफ करायला आल्या. त्यांनी मला सहज सांगितलं, नळीच्या तोंडाशी हात धरा, श्वास लागतो का बघा. मी धरला. तळहाताला गरम हवा लागत होती, जात होती, येत होती.

मग माझं मलाच काय वाटलं, मी हात उचलून ह्यांच्या नाकापुढे धरला. तिथे काही नव्हतं. बराच वेळ धरला. सिस्टर म्हणाल्या, आता सगळा श्वास गळ्यातूनच जातो, नाकापर्यंत हवा येतच नाही.

भावजी, ही नळी तुम्हाला माहीत होती, मला माहीत होती. मी पहिल्याच पत्रात लिहिली होती. रोज तिच्याभोवतालचं पुसत होते. आणि मी नाकाजवळ रुमाल ठेवत होते, तुम्ही बाटल्या पाठवत होता, हे चिडलेत की ओळखतायत यावर आपण दोघं भांडत होतो. त्यांच्यापर्यंत त्यातलं काहीच गेलं नाही, आवडतं नाही की नावडतं नाही. एक अर्थी बरं वाटलं की निदान छळ तरी झाला नाही. त्या बरं वाटण्यानेच मी मग जिन्यात जाऊन बसले.

त्यानंतर रुमाल काढला, अंग पुसलं, आणि ह्यांच्या मानेशी तोंड नेऊन वास घेतला. एवढ्या वर्षांत ऊदाशिवाय ह्यांचा वास कसा असतो ते मला माहीत नव्हतं. वाटलं, तेवढं तरी मिळेल. वॉर्डातल्या साबणाचा वास होता. शेजारच्या आजोबांच्या अंगालाही तोच येतो.

छाती पुन्हा भरायला लागली आहे. डॉक्टर म्हणाले, या वेळी उत्तर लवकर द्यावं लागेल. घरी आणलं तर सिस्टर रोज येऊन जातील, श्वास जड झाला की त्रास कमी करायचं औषध देतील, नवीन नळ्या घालणार नाहीत. पुढच्या खोलीत पलंग भिंतीपासून सोडवून ठेवला आहे, म्हणजे दोन्ही बाजूंनी बसता येईल. एका बाजूला आई, एका बाजूला मी, पायाशी तुमची जागा ठेवली आहे. ह्यांना काही कळेल म्हणून नाही. आता मी तसं काही मानत नाही, आणि तुम्हाला मानायला लावणारही नाही.

आई माझ्या सांगण्याने हो म्हणणार नाहीत, तुमच्या म्हणतील. तेव्हा मागायचं ते तुमच्याकडेच. पुलाचं काम राहू दे, निघून या. आईंच्या शेजारी बसा आणि तुमच्या तोंडाने त्यांना एवढं सांगा की दादाला आता घरी आणू या, मशीनला परत लावायला नको. तुम्ही नाही म्हणाल. लिहिताना तुमचा चेहरा समोर दिसतोय. आणि तुम्ही नाही म्हणालात तरी माझ्या मायेत काडीचा फरक पडणार नाही, हेही खरं. तरी या, आणि सांगा.

तुमची वहिनी