काकांनी लावलेला नेम

२ मार्च, रविवार

सानिकाचा मेसेज. "इंजिनिअरसाहेब, एक काम आहे." दीड वर्षात सोडून दिलेलं इंजिनिअरिंग. दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर फोन आपटला असता. तिनं म्हटलं म्हणून लोअर हटहून जॉन्सनव्हिलला पळत गेलो. कुत्रा आहे मी.

काम असं: अनिलकाकांच्या रायफलीसाठी काडतुसं निवडायची. काका, म्हणजे तिचे बाबा, जाऊन एप्रिलमध्ये वर्ष होईल. वर्षश्राद्धाला, गेलेल्या माणसाच्या आवडीचं पान वाढतात, आणि काकांना हरणाच्या रश्श्यापुढे काही दिसायचं नाही. इथल्या मराठी मंडळातले लोक हसायचे, गणपतीत आरती म्हणतो आणि रविवारी डोंगरात हरणं मारतो. काका म्हणायचे, जेवायला या, मग हसा.

सा.चं ठरलंय. हरीण तीच मारणार, बाबाच्याच रायफलीनं. तिच्याकडे बंदुकीचं स्वतःचं लायसन्स आहे. तिची आई, माधवीकाकू, म्हणतात, "पुरणपोळी कर, चार माणसांत शोभेल असं." दोघींचं वाजलंय.

सा. सगळं इंग्रजीत बोलते. मी इथं मराठीत लिहितो. वहीत तरी ती माझ्या भाषेत बोलू दे.

निघताना म्हणाली, "थँक्स, ब्रो."

ब्रो.

४ मार्च

टायरच्या दुकानात दिवसभर मान मोडली. संध्याकाळी वाचत बसलो.

रायफल लिव्हर ॲक्शन, थर्टी-थर्टी मापाची. चापाखालची कडी खाली ओढून परत वर घेतली की पुढचं काडतूस चढतं. बाकीची नळीखालच्या दुसऱ्या नळीत रांगेनं पडलेली, एकाचं नाक दुसऱ्याच्या बुडाला टेकलेलं. म्हणून टोकदार गोळी चालत नाही. धक्क्यानं पुढचं काडतूस आतच उडायचं. एक तर चपट्या नाकाची घ्यायची, नाहीतर मऊ रबरी टोकाची.

काकांची चपटी, जड, एकशेसत्तर ग्रेन वजनाची. कंपनीनं ती बंद केली. जुन्या पेटीत पाच उरलीत.

व्हिडिओ कॉलवर तिला म्हटलं, "मग हीच वापर की. एका हरणाला पाच पुरे झाली."

"ती बाबाची आहेत."

मग बाकीची शोधायला लागलो. तिचं तोंड बघून.

६ मार्च

तक्ता केला. वजन, वेग, शंभर मीटरवर किती खाली पडते, किंमत. आमच्या घरात कुकरसुद्धा तक्त्याशिवाय येत नाही. बाबा मागून डोकावले.

"काय हे?"

"काडतुसं."

"कॉलेजात एवढं लक्ष दिलं असतंस तर."

लॅपटॉप बंद केला. जोरात. आई स्वयंपाकघरातून, "अरे, फुटेल तो!" फुटू दे.

तक्त्यात पहिली आली हलकी, दीडशे ग्रेनची. वेग सगळ्यात जास्त. सा.ला पाठवलं. उत्तर: "स्वीट ॲज." म्हणजे इथल्या भाषेत झकास.

८ मार्च, शनि.

दुकान. काउंटरवरचा म्हातारा "किया ओरा", इथला माओरी नमस्कार, म्हणाला, तिचं लायसन्स पाहिलं, माझ्याकडे पाहिलंच नाही. मी तक्ता काढला. त्यानं चष्मा लावून सगळा वाचला, हसला नाही. म्हणाला, तक्ता बरोबर आहे, पण तो सगळ्या रायफलींचा. हिला काय मानवतं ते हिलाच विचारा. तीन प्रकारची एकेक पेटी घ्या, कागदावर मारून बघा, जिची भोकं जवळजवळ पडतील ती ठेवा, आणि तिच्यासाठी नेमाची खाच सरकवून घ्या.

सा. म्हणाली, "खाच सरकवायची नाही."

"मग काडतूस शोधत बसाल," तो म्हणाला.

"बसू."

गाडीत तिनं सांगितलं. नळीवरची मागची खाच, जिच्यातून नळीच्या टोकावरचा बारीक उंचवटा, माशी, बघून नेम धरतात, ती काकांनी त्यांच्या काडतुसावर बसवलेली. शेवटचा हात त्यांचा. त्यानंतर तिला कुणी हात लावलेला नाही. म्हणून काडतूस असं पाहिजे की खाच न हलवता, काका जिथं मारायचे तिथंच लागेल.

वेडेपणा आहे. मला तो इतका आवडला की खिडकीबाहेर बघत राहिलो.

९ मार्च, रवि.

नेमबाजीच्या रेंजवर. पहिल्यांदाच रायफल उजेडात नीट पाहिली. खाच जिथं नळीत बसवलीय त्या फटीत लाल रेघ. मला वाटलं गंज. पुसायला गेलो तर सा. ओरडली, "डोन्ट!" कुंकू. दर दसऱ्याला काका रायफल पाटावर ठेवायचे, काकू तोंड वाकडं करून कुंकू लावायच्या. वर्षानुवर्षांचं तेलात बसून घट्ट झालेलं.

तक्त्यातली पहिली, दीडशे ग्रेन: पन्नास मीटरवर खाली आणि डावीकडे, भोकं सगळीकडे, चाळणीसारखी. काकांच्या वजनाची, दुसऱ्या कंपनीची: सगळी भोकं एका कपात मावतील इतकी जवळ, पण चार बोटं डावीकडे. रबरी टोकाच्या पेटीचा नंबर येईपर्यंत रेंज बंद झाली.

मी म्हटलं, "दुसरी घे. आणि नेम चार बोटं उजवीकडे धर."

"झाडीत, घाईत, हात थरथरताना? पोटात लागेल. तडफडत पळेल ते. बाबाचा एकच नियम होता, जखमी करून सोडायचं नाही."

तिचे डोळे भरले होते आणि मी टिश्यू शोधत होतो, आणि टिश्यू नव्हता.

१६ मार्च, रवि.

लिहू नये असं वाटतंय.

रबरी टोकाची वर आणि डावीकडे. मग आणखी एक पेटी, तीही डावीकडे. ती एकेक कागद आणून बघायची, परत जायची. मी कॉफी आणली, घेतली नाही. मी म्हटलं पुढच्या आठवड्यात बघू. म्हणाली, "तू नको येऊस. मी करीन." शेजारच्या बाकावरच्या माणसानं हातोडी आणि खिळा पुढे केला. चांगल्या मनानं. "एक टिचकी, डन."

मी घेतली.

रायफल उघडी, रिकामी, बाकावर होती. सा. "ओंकार, नो" म्हणाली ते ऐकलं मी. ऐकूनही मारली. तोंडानं म्हणत होतो, "लोखंडाचा तुकडा आहे हा! तुझा बाबा नाहीये यात!"

टिचकी कसली, घाव. खाच सरकून पार कडेला गेली. तिच्याखालची पायऱ्यांची पट्टी, जिनं नेम वरखाली होतो, ती उडून गवतात. कुंकवाचा खवला खवला बाकावर.

ती गवतात गुडघ्यांवर बसून पट्टी शोधत होती. मी पण बसलो तर म्हणाली, "दूर हो." मराठीत. मी तिला मराठी बोलताना आज पहिल्यांदा ऐकलं.

१९ मार्च

मेसेज पाठवले. वाचलेत. उत्तर नाही. दुकानात चाकाच्या पान्यावरून एकाशी भांडलो. घरी पाठवलं मला.

काकांच्या फोटोंत काका दिसतात, हरीण दिसतं, रायफल दिसते. खाच कुठल्याच फोटोत धड दिसत नाही. पट्टी सापडली म्हणे, पण कुठल्या पायरीवर होती ते कुणाला माहीत नाही. कुंकवाची रेघ होती, ती गेली. मी घालवली.

२२ मार्च

माधवीकाकूंचा फोन.

"तुझ्या आईला करणार होते. मग म्हटलं आधी तुलाच शिव्या द्याव्यात."

"द्या, काकू."

दिल्या. मनापासून. मग, "मी त्या बंदुकीला मनातून शिव्या देत कुंकू लावायचे रे. पण लावायचे. आता पोरगी सहा दिवस माझ्याशीसुद्धा बोलत नाही. काहीतरी कर."

काय करू?

संध्याकाळी टायर बॅलन्स करताना सुचलं. चाकाला माहीत असतं ते कुठं जड आहे, आपण फक्त फिरवून बघतो. काकांचा नेम कुठं होता हे अजून एका गोष्टीला माहीत आहे. त्या पाच काडतुसांना. ती मारून मारून, मधोमध लागेपर्यंत खाच सरकवायची. मधोमध लागलं की ती काकांची जागा.

म्हणजे जी तिला जपायचीत तीच उडवायची. हे तिला मी सांगायचं. मी.

काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी सांगते. तुझ्या तोंडून नको."

३० मार्च, रवि.

सा.नं रेंजवर बोलावलं. काकू पण आल्या, शाल घेऊन गाडीतच बसल्या. काच खाली.

मला दुर्बीण दिली. लागलं कुठं तेवढंच सांगायचं. हात नाही लावायचा.

काकांचं पहिलं काडतूस कागदाच्या बाहेर. सा.नं स्वतः सरकवलं, पितळी खिळ्यानं, अगदी हळू. दुसरं कागदावर, उजवीकडे, खूप वर. पायरी बदलली. तिसरं उंचीला बरोबर, अजून उजवीकडे. प्रत्येक आवाजाला काकू गाडीत दचकत होत्या. प्रत्येक वेळी सा. रिकामं पितळ उचलून खिशात घालायची.

चौथं दोन बोटं उजवीकडे. मी सांगितलं. तिनं अजून एकदा हलकंसं ठोकलं. पाचवं हातात घेतलं.

बराच वेळ घेऊन बसली.

"हे मारलं तर कळेल," मी म्हटलं.

"आणि मारलं तर संपेल."

गाडीतून काकू, "सानू, घरी चल आता. थंडी आहे."

तिनं ते खिशात टाकलं. रिकाम्या चारांबरोबर नाही, दुसऱ्या खिशात.

३ एप्रिल

मेसेज: "शनिवारी डोंगरात. गाडी चालवायला माणूस हवा. परत भडकणार नसशील तर ये."

ब्रो नाही. त्याचा अर्थ बरा की वाईट, कळत नाही. आईला सांगितलं, आईनं थर्मास काढून ठेवला.

५ एप्रिल, शनि. दुपार

काका उतरायचे ती झोपडी. पत्र्याचं छप्पर, दोन बाकडी, काकांची जुनी जँडल्स, रबरी चपला, अजून दाराशी. सा.नं ती सरळ केली, उचलली नाहीत.

हरणांचे नर ओरडताहेत. माजाचा हंगाम आहे, ओरडून ओरडून माद्यांना बोलावतात. गाय हंबरते तसा आवाज, पण त्यात राग. खालच्या घळीत एक सकाळपासून थांबलेलाच नाही. मी ऐकत बसलो आणि मला त्याची लाज वाटली.

तिनं माझ्यासमोर रायफल भरली. आधी खाली नवीन, दुसऱ्या कंपनीची, जखमी झालं तर अगदी जवळून संपवायला. मग पहिलं चढणारं, काकांचं उरलेलं पाचवं.

मी म्हटलं, "तो नेम बरोबर आहे की नाही आपल्याला माहीत नाही."

"माहीत आहे."

"खाच बरोबर आहे हे माहीत आहे?"

"माहीत नाही, हे माहीत आहे." मग, "फार जवळ जाईन. नाही जाता आलं तर नाही मारणार."

मी उठलो. "नाही," ती म्हणाली. "तुझे पाय वाजतात. तू इथं थांब, ही जागा सोडायची नाही. झाडीत काही हललं तर ते तू नाहीस, हे मला नक्की माहीत पाहिजे." निघताना, "आणि मला यायचं असेल तर कुठं यायचं तेही."

हे शेवटचं तिनं म्हटलं की मीच जोडलं? म्हटलं. मी ऐकलंय.

नारिंगी जॅकेट झाडीत दिसेनासं झालं.

सायंकाळ, उजेड आहे अजून

नर ओरडायचा थांबला.

मग एक आवाज. घळीतून. डोंगरावर आपटून परत आला, पण तो एकच होता. परत आलेला वेगळा ओळखू येतो.

दुसरा आला तर ते नवीन काडतूस. म्हणजे पहिलं चुकलं, म्हणजे ते तडफडतंय आणि ती त्याच्यामागे धावतेय, आणि ते माझ्या हातोडीनं.

आला नाही तर? लागलं असेल. किंवा जखमी होऊन पळालं असेल आणि तिला सापडत नसेल. आवाज न येण्याचे दोन अर्थ आहेत.

दारात उभा राहून लिहितोय. जागा सोडायची नाही म्हणाली. पाय नुसते धावायला बघतायत. जँडल्सजवळ उभा आहे. पाणी उकळायला ठेवलंय, दोघांचं.

अजून दुसरा आवाज नाही.

अजून नाही.