दोन डावे हातमोजे

प्रिय शेंडेफळ,

पाकिटावरचं अक्षर पाहून तू आधी घाबरली असशील, मग घाईघाईने शेवटच्या पानावर गेली असशील आणि माझी सही दिसल्यावरच खुर्चीत टेकली असशील. तुझी सवय मला ठाऊक आहे. गोष्टीची पुस्तकंसुद्धा तू शेवटापासून वाचायचीस. तर मी जिवंत आहे. माझं उजवं मनगट जरा मुरगळलंय, म्हणून मी सांगतेय आणि दुसरं कुणीतरी लिहितंय. अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे, तेव्हा कुरकुर करू नकोस. लिहिणारा कोण ते यथावकाश सांगेन.

तुझं पत्र नाताळच्या आधी मिळालं. गुडघ्यांना शेक दे म्हटलं तर ऐकायचं नाही, आणि मग चार पानं गुडघ्यांचीच कहाणी. सूनबाईंनी स्वयंपाकघरातली तुझी खुर्ची माळ्यावर टाकली हे कळल्यावर माझा जीव जळला. बसून काम करणाऱ्या बाईची खुर्ची उचलायची म्हणजे तिला गोड बोलून बाहेर काढणंच की. तू त्यावर काय लिहिलंस, तर 'तेवढीच जागा मोकळी झाली.' लहानपणी कुणी चिमटा काढला तरी तू रडायची नाहीस, फ्रॉकची घडी सरळ करत बसायचीस. म्हातारी झालीस तरी तीच तऱ्हा.

यंदाही मी भेटी शिवल्या. आईचा नियम आपल्यापैकी एकीने तरी पाळायला हवा ना. आठवतं का तिचं वाक्य? ज्याच्या पावलांचा आवाज आपण ओळखतो, त्याला नाताळात रिकाम्या हाताने पाठवायचं नाही. पैसे द्यायचे नाहीत, हाताने शिवलेलं द्यायचं. आणि माप विचारायचं नाही, कारण माप विचारलं की समोरचा आधीच नको नको म्हणायला लागतो. माप डोळ्यांनी घ्यायचं. पाववाला आला की ती आपल्या दोघींना खाली पिटाळायची. तू त्याच्या घोड्याबद्दल काहीतरी विचारत त्याला बोलण्यात गुंतवायचीस आणि मी त्याचं डोकं नजरेने मोजायची. एका वर्षी मी माप घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी त्याने केस बारीक कापले. टोपी थेट नाकापर्यंत उतरली. बिचाऱ्याने ती अख्खा हिवाळा मागे सारून सारून घातली, पण चकार शब्द काढला नाही.

आता माझ्या ओळखीची पावलं चार. जिना पुसणारी, दूधवाला, टपालवाला आणि कचऱ्याची गाडी ओढणारा. जिनेवाली गुडघे टेकून पायऱ्या घासते, तिला गुडघ्यांना बांधायच्या दोन छोट्या गाद्या. दूधवाल्याचे कान पहाटे गारठतात, त्याला कान झाकणारी टोपी. टपालवाल्याच्या पिशवीचा पट्टा वीस वर्षं एकाच खांद्यात रुततोय, त्याला पट्ट्यावर चढवायची मऊ खोळ. आणि कचरेवाल्याला कोपरापर्यंतचे हातमोजे, तळव्याला जाड कॅनव्हास, वरून लोकर. त्याचे पंजे म्हणजे दोन फावडी आहेत, कापड जास्तच लागलं. एरवी आठवड्याभरात उरकणारं काम, यंदा दोन महिने पुरलं. हिवाळ्यात दिवस लहान असतात, दुसरं काय.

चोवीस तारखेला सकाळी मी चौघांना पुडकी दिली. सगळं छान झालं असं मी धरून चालले होते. चार दिवसांनी जिनेवाली बादली घेऊन दारात उभी राहिली. ही बाई सरळ आहे, पोटात एक ओठात एक असलं तिला जमत नाही. म्हणाली, आजी, रागावणार नसाल तर सांगते, कचरेवाल्याचे दोन्ही मोजे डाव्या हाताचे झालेत.

मी रागावलेच. कपडे दुरुस्तीच्या दुकानात एकतीस वर्षं काढली मी. नवरदेवाचे कोट लग्नाच्या सकाळी उसवून पुन्हा शिवलेत. मी दोन डावे हात शिवणार? तुला दुसऱ्याचं बरं बघवत नाही, असंही तिला म्हणाले. त्याची लाज अजून वाटते. ती तडक खाली गेली आणि कचरेवाल्याला दंडाला धरून वर घेऊन आली. तो यायलाच तयार नव्हता, उंबऱ्याबाहेर पाय घासत उभा राहिला. मी त्याचे दोन्ही हात माझ्या हातात घेतले. डावा ठीक होता. उजव्या हातावर कॅनव्हास वरच्या बाजूला आणि लोकर तळव्याला. ती लोकर चार दिवसांत झिजून दोन बोटं उघडी पडली होती, आणि थंडीने ती बोटं लाकडासारखी झाली होती. मी विचारलं, अरे, मग सांगितलं का नाहीस? तर म्हणतो, आजी, गाडी ओढताना माझा एक हात मागे उलटाच असतो, त्याला हा अगदी बरोबर बसतो.

आपल्या पाववाल्याचाच भाऊ शोभेल बघ. मला हसू आलं, आणि हसता हसता रडू कधी आलं ते कळलं नाही. दोघांसमोर मी दारात बसून रडले. आता तुझ्यापुढे लपवून काय करू? माझं मनगट ठणठणीत आहे. डोळे गेलेत.

अगदी अंधार नाही, घाबरू नकोस. मधलं गेलंय, कडेकडेचं उरलंय. माणूस समोर उभा राहिला तर त्याचा चेहरा दिसत नाही, त्याच्या खांद्यामागचं दार दिसतं. सुईचं नेढं नाही, घड्याळाचे काटे नाहीत, अक्षर तर नाहीच. मागच्या वसंतात सुरुवात झाली. डॉक्टरांनी सांगितलं की गेलेलं परत येणार नाही, उरलेलं मात्र बहुतेक टिकेल. हातमोजे मी चाचपडत शिवले. काळा कॅनव्हास, काळी लोकर. दुसऱ्या हाताला तुकडा उलटवायचा राहिला आणि माझ्या बोटांनाही ते समजलं नाही.

तुला का नाही कळवलं, ते तुला माहीत आहे. तुझ्या चिरंजीवांनी मागच्या वर्षी त्या वृद्धाश्रमाची रंगीत पुस्तिका पाठवली होती. मावशी, तिथे चोवीस तास नर्स असते, बागही आहे. पोरगं वाईट नाही, त्याला माझी काळजीच आहे. पण माझे डोळे गेले हे कळलं असतं तर महिन्याभरात घराला कुलूप आणि माझी रवानगी. या घरात पाण्याचा तांब्या कुठे आहे, मशीन कुठे, खिडकीची कडी कुठे अडकते, हे माझ्या हातांना पाठ आहे. दुसरीकडे कुठेही गेले तर मी आंधळी. इथे मी नुसती म्हातारी आहे. म्हणून म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची.

कसली झाकलेली मूठ? त्या दिवशी जिनेवाली माझ्या शेजारी पायरीवर बसली आणि तिने एकेक सांगायला सुरुवात केली. कठड्याला शेवटच्या पायरीच्या जरा आधी एक चिंधी बांधलेली आहे. हाताला लागायची, मला वाटायचं कुणीतरी विसरलंय. ती तिने उन्हाळ्यात बांधली, जिना संपतोय हे मला समजावं म्हणून. दूधवाला बाटली जमिनीवर ठेवायचं सोडून दाराच्या मुठीला अडकवायला लागला, तोही उन्हाळ्यातच. कचरेवाला फाटकाशी शीळ घालतो ना, त्याला गाण्याची हौस आहे असं मी तुला लिहिलंसुद्धा होतं. कसली हौस! फाटक उघडं असेल आणि गाडी वाटेत असेल तेव्हाच तो वाजवतो. मी इतके महिने त्यांच्यासमोर तोऱ्यात चालत होते आणि ते मला तोऱ्यात चालू देत होते. कोंबडं झाकलं तरी उजाडायचं राहत नाही, हे आई सांगायची ते काही उगाच नाही.

टपालवाल्याचं तर विचारूच नकोस. वसंतात तुझं पत्र घेऊन आला तेव्हा मी त्याला म्हटलं, चष्मा सापडत नाही, जरा वाचून दाखव. पुढच्या पत्रालाही तेच. त्याच्यापुढच्याही. आठ महिने माझा चष्मा सापडत नाहीये आणि या माणसाने एकदाही सापडला का म्हणून विचारलं नाही. फेरी संपवून दुपारी येतो, बूट दाराशी काढतो, टेबलापाशी बसतो आणि बातम्या वाचाव्या तशा सपाट आवाजात तुझी पत्रं वाचतो. म्हणजे तुझे गुडघे, तुझी सून, तुझी माळ्यावर गेलेली खुर्ची, सगळं त्याला माहीत आहे. रागाव हवं तर. तुला लिहिलेली माझी उत्तरंही तो समोर असताना मी अंदाजाने खरडत होते. ओळी एकमेकींवर चढल्या असतील, आणि तुला वाटलं असेल ताईचं अक्षर म्हातारं झालं. हे पत्र मात्र सुरुवातीपासून तोच लिहितोय. मघाशी 'यथावकाश सांगेन' लिहिताना तो खाकरला होता.

आता त्याला जे लिहायला आवडणार नाही ते सांगते. त्याला म्हटलंय, एक शब्द गाळायचा नाही.

हातमोज्यांचं उघडकीला आलं त्याच दुपारी तो आला. मी दिलेली खोळ त्याने पिशवीच्या पट्ट्यावर चढवलीच नव्हती, पुडकं तसंच होतं. ते त्याने टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, आजी, ही मी ठेवून घेऊ शकत नाही, मी तुमच्याशी लबाडी केलीय. मला वाटलं एखादं पत्र हरवलं याने. तर तसं नाही. तुझ्या सप्टेंबरच्या पत्रातलं एक वाक्य त्याने वाचून दाखवलं नव्हतं. ते तू खोडलं होतंस. आडव्या रेघा मारून खोडलं होतंस, पण शाई फिकी आणि तुझी अक्षरं टपोरी, तेव्हा त्याला ते वाचता आलं. वाचलं की पोटात ठेवायचं, ही त्याच्या कामाची शिस्त. लिहिणारीने जे मागे घेतलं ते पोचवायचा आपल्याला काय अधिकार, असं त्याला वाटलं. पण तीन महिने ते वाक्य त्याच्या पोटात राहिलं आणि पचलं नाही. मला दिसत असतं तर मी स्वतःच वाचलं असतं, हे त्याला खात होतं.

मी म्हटलं, वाच. त्याने वाचलं. 'ताई, मीच तुझ्याकडे येऊन राहू का, इथे मला' आणि मग काहीच नाही. त्याच्यावर रेघा, आणि पुढे नव्या ओळीवर तू लिहिलंयस, 'यंदा थंडी लवकर पडली.'

शेंडेफळ, मी ते वाक्य त्याच्याकडून चार वेळा वाचून घेतलं. फ्रॉकची घडी सरळ करत बसलीस ना तू, साठ वर्षांनीसुद्धा. मी डोळे लपवले, तू वाक्य खोडलंस. कुणी कुणाला ओझं व्हायचं नाही म्हणून दोघी आपापल्या खिडकीत बसून एकमेकींना हवापाणी कळवत राहिलो. एकाच आईच्या मुली आपण, दुसरं काय होणार. खोळ मी टपालवाल्याच्या पट्ट्यावर माझ्या हातांनी चढवून दिली. लबाडी कसली, यंदाच्या नाताळात मलाच भेट मिळाली.

म्हणून हे पत्र. तू ये. पाहुणी म्हणून चार दिवस नाही, राहायलाच ये, गुडघ्यांसकट ये. चिरंजीवांना सांग, मावशीला दिसत नाही, तिच्याजवळ कुणीतरी असायला हवं. ते खरंच आहे, आणि तुलाही निघायला निमित्त होईल. सूनबाईंकडून ती खुर्ची मात्र माळ्यावरून काढून घे आणि घेऊन ये, इथे ती खिडकीपाशी बसेल. कठडा भक्कम आहे, जिना तू सावकाश चढ. दूधवाल्याला मी दोन बाटल्या सांगितल्यात. मला कापड हाताने कळतं, तुला नेढं दिसतं, दोघी मिळून एक धड शिंपीण होऊ. कॅनव्हास आणि लोकर कापून ठेवलीय, कचरेवाल्याचा उजवा हात अजून थंडीत उघडा आहे. तो मोजा तू शिवायचा आहेस.

खालची सही माझी मीच केलीय. ओळ सोडून गेली असेल तर हसू नकोस.

तुझीच,
वाट पाहणारी ताई