प्रबंधातला बद्रीनाथ

जुना जालना
दिवाळीनंतरचा सोमवार, १९९६

प्रिय शैला,

न्हाई, मी रुसले न्हाई आन् माझे गुडघे बी बराबर हायेत. चौथी शिकलेली बाई मी, लिहायचा कंटाळा येतो, म्हनून इतके दिवस पत्र न्हाई. उगी जिवाला घोर लावून घेत जाऊ नको.

तू तिकडं औरंगाबादला प्रबंध लिहून राह्यली. कामगाराचं मन, पुढारीपन, अजून काय काय. मला त्यातलं कळत न्हाई आन् कळून घ्यायची हौस बी न्हाई. उन्हाळाभर माझ्याकडं राह्यलीस, रोज सळईच्या मिलमधी जाऊन मानसांना विचारलंस, कोनाचं ऐकता, का ऐकता. गल्लीतल्या बाया मला म्हनायच्या, अक्का, तुमची भाची येडी हाय का, मानसं मालकाचंच ऐकनार ना! मी म्हनायचे, शिकलेल्याला असंच विचारावं लागतं.

मंग खांडेनवमीला तू परत आल्तीस. मिलमधी मशिनी धुतल्या, हार घातले. आपल्या शेजारच्या बद्रीनाथनं सळई धरायचा चिमटा पूजेत ठेवला आन् तुला म्हनला, ताई, तुमचं अवजार कुठाय? ठेवा की. तू हरखलीस. पिशवीतून प्रबंधाचं टाइप केलेलं प्रकरन काढलंस आन् त्या चिमट्याशेजारी ठेवलंस. मालकानं सगळ्याला हळदीकुंकू वाहिलं, मंग तुझे कागद उचलले. वाचून देतो म्हनला. घरी येऊन केवढी नाचलीस, मालकानं स्वतः मागून घेतलं म्हनून.

त्यात बद्रीनाथचं नाव तू लिहिलं न्हाई, मान्य. पन अंगठा तुटलेला, तापल्या सळईजवळ उभा राहनारा मानूस तिथं एकच हाय. मला वाचून दाखवल्तंस ना तू, सुपरवायजरनं शिटी मारली तरी मानसं आधी त्याच्याकडं बघतात, त्यानं मान हलवली तरच पाय उचलतात. चांगलंच लिहिलंस. मालकानं ते वाचलं आन् सुपरवायजर साहेबरावला म्हनला, मंग मिल माझी का याची? दिवाळीचे फटाके संपले न्हाईत तं वॉचमननं बद्रीनाथला गेटवर अडवलं.

मी गेल्ते मालकाकडं, पदर खोचून. बसा म्हनला, चहा पाजला, तुझं कौतुक केलं. पोरीनं माझे डोळे उघडले म्हनला. कप खाली ठेवला आन् उठून आले. ज्याच्या मानेकडं बघून सगळी मिल पाय उचलायची, त्याच्यासाठी एकानं बी तोंड उघडलं न्हाई. त्यांची बी लेकरं हायेत म्हना. बद्रीनाथ बदनापूरला एका कारखान्यात काम मागून आला बिचारा. हात बघितला आन् नको म्हनले.

आता दिवसभर माझ्या ओट्यावर बसून राहतो. विचारतो, अक्का, पोरीनं माझ्याबद्दल काय वाईट लिहिलं? मी म्हनलं, येड्या, तुझी तारीफ केलीय तिनं. तर म्हनतो, तारीफ केली असती तर काढलं कशाला असतं? याचा जवाब तुझ्या प्रबंधाच्या सरांना येतो का बघ.

काल त्याची बायको प्रभावती हात जोडून गेली, म्हनून लिहून राह्यले. बद्रीनाथचा निरोप हाय, ताईला म्हना ते खोडा, दुसरं लिहा. माझं मिलमधी कोनीच ऐकत न्हाई, मी फकस्त मालकाचं ऐकतो, असं लिहा. तो कागद दाखवला की मालक परत घेईल म्हनतो. ते खोडलं तर तुझा प्रबंध उभा राहत न्हाई, हे तूच सांगितल्तंस, आन् पुढच्या महिन्यात द्यायचाय ते बी मला ठाऊक हाय. खोड म्हनत न्हाई, ठेव म्हनत न्हाई. निरोप पोचवला. आत्या, मी काय करू, म्हनून उलट मला विचारू नको. यापुढं मी एक शब्द बोलनार न्हाई.

तुझीच,
द्वारकाआत्या