दुफीने केलेलं स्टूल

एफिदुआसे,
मंगळवार, २ डिसेंबर २०१४

आदरणीय मामा,

तुम्हाला आणि मामींना नमस्कार. आईच्या गुडघ्याची सूज उतरली आहे. ती पुन्हा बाजारात टोमॅटो घेऊन बसते. तुमच्याकडे तेचिमानला सगळे बरे असतील.

पत्र दोनदा लिहून फाडलं. आठवीत शाळा सुटल्यापासून मला शुद्धलेखनाची धास्ती वाटते, पण ते कारण नव्हतं.

आपली दुफी ज्युनियर हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे. ऐच्छिक विषय म्हणून तिने सुतारकाम घेतलं होतं. दोन वर्षं ती एकटी मुलगी त्या वर्गात टिकली. गेल्या आठवड्यात मुख्याध्यापकांनी तिचं नाव काढून गृहविज्ञानात घातलं. तिथे मुली घरून तांदूळ, मासे, तेल नेतात, रांधतात आणि जेवण जातं शिक्षकांच्या खोलीत. दुफी म्हणाली, "दादा, सरांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं की मार्क जास्त!"

मी शाळेत गेलो. मुख्याध्यापक म्हणाले, "घरातलं मोठं माणूस कुठे आहे?"

"मी तिचा भाऊ आहे, सर."

"शाळा अर्धवट सोडलेला तू, मला विषय शिकवतोस? उद्या ती नवऱ्याला काय वाढेल, भुसा?"

सगळे शिक्षक हसले. त्यांच्या ताटांत मुलींनी केलेला भात होता! मी म्हणालो, "मी जिल्ह्याच्या शिक्षण कार्यालयात तक्रार करीन." तेव्हा मुख्याध्यापकांचं हसू थांबलं. "खुशाल जा. पण आधी घरी विचार. आम्ही आपणहून विषय बदललेला नाही."

मी घरी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती.

आजीच्या अंत्यविधीला तुम्ही अंगणातल्या स्टुलावर बसलात. हलवून पाहिलंत, ते डगमगलं नाही. "ओपुनी, हात बसला रे तुझा!" म्हणालात. मी म्हणालो, "माझा नाही, मामा. दुफीचा." सगळे हसले. तुम्ही उठलात आणि दिवसभर उभेच राहिलात. गेल्या आठवड्यात सोमवारी, परतीची गाडी पकडण्याआधी "जरा काम आहे" म्हणून शाळेच्या रस्त्याने गेलात.

आपल्याकडे स्टूल पवित्र, ते घडवताना बाईचा हात लागू नये, हे मलाही लहानपणापासून सांगितलेलं आहे. पण ते काही पूर्वजांचं कोरीव आसन नाही. खोक्याच्या फळ्या आणि खिळे आहेत. आई त्यावर बसून टोमॅटो विकते. आणि तुम्हाला पटत नव्हतं, तर दुफीला समोर बसवून सांगायचं होतं. ती भांडली असती, रडली असती. तिच्या पाठीमागे जाऊन तिच्या हातातला रंधा का काढून घेतलात? वडिलांच्या माघारी तुमचा शब्द आमच्यासाठी शेवटचा. तो असा वापरायचा?

शुक्रवारी बोर्डाकडे विषय कळवले जातात. त्याआधी या आणि शाळेत दिलेला शब्द मागे घ्या. नाही आलात तर मी आईला घेऊन जाईन आणि मुख्याध्यापकांसमोर सांगेन, की या बाबतीत आम्ही मामांचं ऐकणार नाही. असं बोलणाऱ्याला मामा पुन्हा भाचा मानत नाही, ते मला माहीत आहे. तरी बोलेन.

पत्र आजच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हाती देत आहे.

दुफीला अजून काही माहीत नाही. ती मुख्याध्यापकांना शिव्या देते, आणि मी पत्र लिहितो आहे हे पाहून तिने तुम्हाला नमस्कार सांगायला सांगितलं आहे. तो मी तुम्ही येईपर्यंत माझ्याकडेच ठेवतो.

शुक्रवारपर्यंत तुमचाच भाचा,
ओपुनी